आमच्या घरातला दुसरा फ्रीज

तमाम नागरिकांस जाहीर करण्यात येते की, बजाजनगरातील एका चाळीस पावलांच्या गल्लीत एक लाल रंगाचा, एका दाराचा, अकरा वर्षे वयाचा फ्रीज भरदुपारी एका घरातून उचलून शेजारच्या घरात ठेवण्यात आला. या गंभीर घटनेची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, म्हणून ती मला करावी लागते आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मला स्वतःलाच हसता आलं नव्हतं, आणि शोकसभेत मागच्या रांगेला हसवलं म्हणून बाहेर काढला गेलेला मी माणूस आहे.

फ्रीज माझ्या शेजाऱ्याचा. तो आणि मी एकाच गावचे. फर्दापूरच्या अलीकडे डांबरी रस्ता सोडून आत गेलं की आमचं गाव लागतं. गावात त्याचं घर मधोमध, देवळापाशी. माझं ओढ्यापलीकडे, बौद्ध वस्तीत. त्याच्या घरची जमीन, माझ्या घरची त्या जमिनीवरची मजुरी. माझ्या पणज्यानं त्याच्या पणज्याच्या गोठ्यातली मेलेली ढोरं ओढून नेली. आजोबांनी धम्म घेतला आणि ते काम सोडलं, तेव्हा गावानं आमचं पीठ दळून देणं बंद केलं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्या वेळा सांगितली गेली की गिरणीचा पट्टा थांबल्याचा आवाज मी स्वतः ऐकलाय, असं मला वाटतं.

बजाजनगरात मात्र आमची भिंत एक, गच्ची एक. कंपनीही एकच. मी पर्मनंट, तो ठेकेदाराकडे. मला शिफ्टची बस, त्याला त्याची मोटरसायकल. जमीन तीन भावांत वाटून त्याच्या वाट्याला एवढीच उरली होती की, तो म्हणायचा, नांगर वळवायला दुसऱ्याच्या रानात पाय टाकावा लागतो.

रविवारी आम्ही दोघं गच्चीवर बसून एक डाव खेळायचो. त्याला मी मागासपणाचा डाव असं नाव दिलं होतं. पत्ते नव्हते, फक्त तोंड. तो म्हणायचा, ठेकेदार सात महिन्यांनी ब्रेक देतो आणि परत नव्यानं भरती करतो, टाक तुझा पत्ता. मी म्हणायचो, ह्या गल्लीत घर मिळायच्या आधी मी आडनाव सांगितलं की खोली ‘कालच गेली’ असायची, वाळूजपासून पार शहरापर्यंत. मग तो त्याचा हुकमी पत्ता काढायचा. त्याची मुलगी आणि माझी मुलगी याच गच्चीवर एकाच पुस्तकातून शिकल्या. मार्क त्याच्या मुलीला जास्त पडले. कॉलेज माझ्या मुलीला मिळालं. हा पत्ता पडला की मी थोडा वेळ खाली गल्लीकडे बघायचो. मग सांगायचो की गावच्या हॉटेलात माझ्या वडिलांचा कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा. तो म्हणायचा, आता सगळ्यांनाच कागदी कप हाय की. मी म्हणायचो, व्हय, माझे वडीलही तेच म्हणतात: कागदी कप आला म्हणून भेद गेला, माणूस बदलला म्हणून नाय.

डाव कधी सुटला नाही. खालून बायका जेवायला हाका मारायच्या आणि आम्ही दोघंही आपणच जिंकलो अशा थाटात जिना उतरायचो.

मग पाहणी आली. आरक्षणासाठी शेजाऱ्याच्या समाजाची परिस्थिती किती खालावली आहे ते घरोघर जाऊन मोबाइलवर भरायचं होतं, आणि काम नेहमीप्रमाणे मास्तरांच्या गळ्यात पडलं होतं. गल्लीत बातमी पसरली की घरात फ्रीज दिसला की नाव कटलं. कोण म्हणालं, कुठं लिहिलंय, कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणूनच सगळ्यांचा विश्वास बसला.

शेजारी मागच्या दारानं आला आणि म्हणाला, “चार दिवस तुझ्याकडं ठेव. तुम्हाला कायबी विचारणार नाहीत. नाव लिहितील अन् पुढं जातील.”

ते खरं होतं. आमच्याकडे किती फ्रीज आहेत, याची त्या पाहणीला चिंता नव्हती. मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. मी तरुणपणी गणेशोत्सवात तीन वर्षं यमदूत केलेला माणूस. आम्ही फ्रीजवर गोधडी टाकली, मागच्या बोळातून आडवा नेला, मी पुढून दबक्या आवाजात “सावकाश, पेशंट नाजूक आहे,” म्हणत होतो. माझ्या स्वयंपाकघरात आमच्या फ्रीजशेजारी तो उभा राहिला तेव्हा शेजाऱ्यानं माझ्याकडून शपथ घेतली, माझ्या मुलीची, की हा फ्रीज कुणाचा ते कुणालाही सांगायचं नाही. मी हसत हसत घेतली.

पाठोपाठ वहिनी आल्या. शेजाऱ्याची बायको. त्यांनी फ्रीज सुरू केला, त्यात दुधाचं पातेलं आणि एक झाकलेली बरणी ठेवली, आणि दाराला कुलूप लावलं. जुन्या फ्रीजला कडी बसवून घेतलेली होती. आत लोणी हाय, म्हणाल्या, मांजरीचा भरवसा नाय. चावी मंगळसूत्राच्या पिनेत अडकवली आणि गेल्या.

आमच्या घरी मांजर नव्हती. हे वहिनींना माहीत होतं, माझ्या बायकोला माहीत होतं, मलाही. काही गोष्टी विचारल्या की शेजार मोडतो. रोज सकाळ-संध्याकाळ त्या मागच्या दारानं यायच्या, कुलूप उघडायच्या, दूध घ्यायच्या, कुलूप लावायच्या. माझ्या बायकोच्या हातचा चहाही घ्यायच्या, उपवास नसेल तर.

तिसऱ्या दिवशी बाई आल्या. एका शाळेवरच्या, दमलेल्या. सोबत गल्लीतल्या मंडळाचे दोन कार्यकर्ते, कुणाचं घर कुठलं ते दाखवायला. शेजाऱ्याकडे अर्धा तास लागला. आमच्याकडे नाव आणि जात लिहून बाई निघणारच होत्या, पण बायकोनं त्यांना थंड पाणी देते म्हणून बसवलं. स्वयंपाकघर बाहेरच्या खोलीतून दिसतं. एक कार्यकर्ता मान लांब करून आत बघत म्हणाला, “दादा, दोन-दोन फ्रीज?”

इथे गप्प बसायला हवं होतं. इथे कोणताही शहाणा माणूस गप्प बसला असता.

“एक खायला,” मी म्हणालो, “दुसरा मिरवायला.”

बाई हसल्या. तो हसला नाही. त्यानं मोबाइल वर केला आणि परत खिशात टाकला.

संध्याकाळपर्यंत गल्लीच्या ग्रुपवर फोटो होता. माझं स्वयंपाकघर, शेजारी शेजारी दोन फ्रीज, वरच्या फळीवर बुद्धाची छोटी मूर्ती. खाली लिहिलेलं: मागास कोण? आणि त्याखाली माझंच वाक्य, माझ्याच नावासकट. आयुष्यात इतक्या प्रेक्षकांपर्यंत माझा विनोद कधी पोचला नव्हता.

आधी हसरे चेहरे आले, पुष्कळ. आमच्या गच्चीवरच्या डावातलाच प्रश्न होता तो, पण आता तो खेळणारे आम्ही दोघं नव्हतो. मग कुणीतरी फोटो मोठा करून दुसऱ्या फ्रीजच्या दाराभोवती लाल गोल काढला. विचारलं: ह्याला कुलूप का? त्याच्याखाली कुणीच हसलं नाही. त्याच्याखाली कुणी काही लिहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी बसमध्ये माझ्या शेजारची जागा कंपनीच्या गेटपर्यंत रिकामी राहिली. लोक उभे होते. चहाच्या टपरीवर मी आलो की बोलणं क्रिकेटवर जायचं. शेजाऱ्याची मोटरसायकल सकाळी माझ्या शेजारून गेली, हॉर्न न वाजवता. कुणी शिवी दिली नाही, कुणी धक्का मारला नाही. मला वाटत होतं, कुणीतरी द्यावी, म्हणजे काय चाललंय ते कळेल.

वडिलांचा फोन आला. आई गेल्यापासून ते गावात एकटेच असतात. फोटो गावच्या ग्रुपवर पोचला होता. ते ज्वारीचा डबा घेऊन गिरणीवर गेले, तर गिरणीवाला गोड आवाजात म्हणाला, मोठ्या घरचं दळण आमच्या गिरणीत कसं दळावं? तिथं बसलेले लोक हसले. डबा कुणी हातात घेतला नाही. वडील तो तिथंच ठेवून आले.

“दुसरा फ्रीज कुणाचा हाय, तेवढं सांग,” ते म्हणाले.

मुलीची शपथ होती. मी म्हणालो, माझाच.

मग ते म्हणाले, “घरात चार दिवसांचं पीठ हाय. ते संपायच्या आत दुसरं कायतरी सांग.”

मी तडक शेजाऱ्याकडे गेलो. फोटोतला फ्रीज तुझा आहे एवढंच ग्रुपवर लिही, म्हटलं. शपथेतून मोकळं कर. तो वाटाणे सोलत होता. सोलतच राहिला. म्हणाला, नाव कटलं तर कटू दे, त्याचं काय नाय, पण माझ्या एकट्यामुळं सगळ्या समाजाचं खोटं पडलं असं म्हणतील. पोरीचं लग्न करायचंय. ह्याच लोकांत राहायचंय.

मी म्हणालो, मला पण इथंच राहायचंय, आणि माझ्या बापाला तिथं.

त्यानं वाटाण्याचं टरफल माझ्याकडे बघत दोनदा दुमडलं. फ्रीज परत आणायचा मार्गही बंद झाला होता. मागच्या बोळाच्या तोंडाशी आता कुणी ना कुणी मोटरसायकल लावून उभं असायचं. वहिनींचं मागच्या दारानं येणं थांबलं. बायको गच्चीवर जाऊन त्यांना म्हणाली, चावी द्या, आतलं दूध तरी काढते. वहिनींनी पिनेतली चावी मुठीत धरली आणि बघू, उद्या मीच येते, म्हणाल्या. त्या आल्या नाहीत. कुलूप तोडायचं आमच्या दोघांच्याही मनात आलं होतं. पण कुलूप तोडलं असतं तर ते का लावलं होतं, तेही बोलावं लागलं असतं.

पाहणीनंतरच्या चौथ्या दिवशी सकाळीच वीज गेली. दुपारी कुलूपवाल्या फ्रीजच्या दाराखालून पाण्याची बारीक रेघ फरशीवर आली. मग वास यायला लागला. आंबट, जड, खिडक्या उघडल्या तरी न जाणारा. बायकोनं उदबत्ती लावली, त्यानं वास अधिकच संशयास्पद झाला.

पहिली शिफ्ट सुटल्यावर ते आले. सहा-सात जण, ते दोन कार्यकर्ते पुढे. दारात त्यांनी चपला काढल्या. त्या नीट ओळीत लावल्या. भांडायला आलेला माणूस चपला काढत नाही, हे मला माहीत होतं. चपला काढून काय करायला येतात, हे माहीत नव्हतं.

दादा, जरा फ्रीज बघायचा होता, एक जण म्हणाला. मी आमचा उघडला. अंडी, कोथिंबीर, इडलीचं पीठ. त्यांनी अगदी अदबीनं सगळं बघितलं. मग सगळे दुसऱ्याकडे वळले आणि फरशीवरच्या पाण्याकडे बघत उभे राहिले.

“वास कसला, दादा?”

लोणी, मी म्हणालो.

“उघडा की मग.”

चावी नाही, म्हणालो.

“स्वतःच्या फ्रीजची चावी नाय?” त्याचा आवाज खाली आला, जवळजवळ मायेचा झाला. “आत काय ठेवता तुम्ही, दादा?”

कुणीही तो शब्द उच्चारला नाही. पण त्या स्वयंपाकघरातल्या प्रत्येकाला तो ऐकू आला. माझ्या पणज्यानं ओढून नेलेली ढोरं त्या सहा-सात जणांनी पाहिलेली नव्हती, तरी त्यांच्या डोळ्यांत ती दिसत होती. जन्मभर मला वेळेवर वाक्य सुचलं आहे. त्या दुपारी एकही सुचलं नाही. दारात गर्दी वाढली होती. गर्दीत शेजारी उभा होता, खाली बघत. मी त्याच्याकडे बघत राहिलो. त्यानं मान वर केली नाही. एकानं माझ्या ओट्यावरचा वरवंटा उचलला, कुलपाच्या उंचीला धरला, आणि खाली ठेवला. दुसऱ्यानं मोबाइल काढून समोर धरला. पहिल्यानं वरवंटा पुन्हा उचलला.

तेव्हा वहिनी नवऱ्याला बाजूला सारून, चपला न काढताच, आत आल्या. चावी पिनेतून काढताना मंगळसूत्र पदरात अडकलं होतं. माझ्या बायकोकडे त्यांनी बघितलं नाही. तोंडातून निघालं ते त्यांनी ठरवलेलं नसावं, कारण बोलून झाल्यावर सगळ्यांत आधी त्यांनीच तोंडावर हात ठेवला:

“फ्रीज आमचा हाय, लोणी माझं हाय, अन् ह्या घरच्यांचा हात लागू नाय म्हणून कुलूप मीच घातलंय!”