खंडेनवमीला पुजलेली काळी चकती

आमच्या घरात विज्ञानाचा विषय निघाला की सगळे माझ्याकडे बघतात, कारण मी महाडच्या शाळेत चौथीला परिसर अभ्यास शिकवते. त्यामुळे गेल्या नवरात्रात भाची मुंबईहून आली आणि एक छोटी डबी उघडून तिने माझ्यापुढे धरली, तेव्हा मी चष्मा चढवला आणि अधिकाराने म्हटलं, "हं."

डबीत नखाएवढ्या दोन काळ्या चौकोनी चकत्या होत्या. मला त्यात काहीही दिसलं नाही.

"सिलिकॉन आहे, आत्या. ह्याच्यावर सुया वाढवल्यात. केसाहून हजारपट बारीक."

मग तिने सांगायला सुरुवात केली आणि मी भाजी चिरायची थांबले. ह्या सुयांवर झाडाचा रस टेकवायचा, वरून लेसर मारायचा. सुया तापतात, रसातले रेणू उडतात आणि हवा काढून घेतलेल्या नळीतून पळत सुटतात. हलके आधी पोचतात, जड मागून. वेळेवरून वजन कळतं, वजनावरून ओळख.

"बाकीचे लोक रसात एक मदतनीस पूड घालतात. तीच लेसर झेलते आणि रेणूंना उडवते. पण ती स्वतःही उडते ना. लहान रेणूंच्या वजनाच्या आसपास तिचाच इतका गोंधळ असतो की ज्याला शोधायचं तो दिसतच नाही."

हे मला एका दमात कळलं. आमचे हे स्वयंपाकात मदतीला आले की असंच होतं.

तिला शोधायचा होता नरक्या नावाच्या झाडातला रेणू. कॅन्सरचं औषध करतात त्याचं. कुठल्या झाडात तो किती आहे हे कळायला एरवी साल सोलायची, वाळवायची, कुटायची. हिला एक काडी मोडून तिचं ओलं टोक चकतीला टेकवायचं होतं, बस. झाड जागच्या जागी उभं. सोमवारी दुपारी तिला यंत्रावर दोन तास मिळाले होते. तिच्या मार्गदर्शक सरांनी मात्र सांगून ठेवलं होतं की ह्या खेपेला काही दिसलं नाही, तर सुयांचा नाद सोडायचा आणि पुडीच्या रस्त्याला लागायचं. तीन वर्षं ती त्या सुया वाढवत होती.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. मी पाटावर विळी, कोयता, ह्यांचं रक्तदाबाचं यंत्र, माझी लाल पेनं असं सगळं मांडलं. पोर अंघोळीला गेली होती. मला वाटलं, घरातलं सगळ्यात मोठं हत्यार तर हिच्या डबीत आहे. बंद डबीची पूजा कशी करणार? म्हणून उघडली. हळद वाहिली, कुंकू वाहिलं, वर चिमूटभर अक्षता.

ती बाहेर आली आणि पाटासमोर उभीच राहिली.

"आत्या, कुठल्या चकतीला लावलंस?"

"डावीकडच्या. दुसरीला लावणारच होते, तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली."

"देवाआधी कुकर पावला," हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले.

"धुऊन देते ना मी. मऊ ब्रशने, हलक्या हाताने."

"सुया मोडतील. आणि हळद मुळाशी गेलीय, ती आता निघायची नाही." ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने उरलेली एक चकती शांतपणे उचलून वेगळ्या डबीत ठेवली. ती डबी नंतर कपाटावर गेली, जिथे माझा हात पोचत नाही.

दसऱ्याला आम्ही पोलादपूरवरून आंबेनळीच्या रस्त्याला लागलो आणि कुडपणकडे वळलो. मला मागच्या सीटवर बसवलं होतं आणि डबी पुढे होती. तिथले एक शेतकरी दादा ह्यांच्या ओळखीचे. त्यांनी नरक्याची चार झाडं दाखवली. भाचीने रबरी हातमोजे चढवले.

"हाताला पिशव्या कशाला गो? झाड चावत नाय."

"माझ्या हाताचा घामसुद्धा त्यात दिसतो, दादा."

"मंग ह्या बाईंना लांब उभं करा," दादा माझ्याकडे बघून म्हणाले. ह्यांनी वाटेत सगळं सांगून टाकलं होतं.

मी लांब उभी राहिले. चार झाडांच्या चार काड्या, चकतीचे चार कोपरे, क्रमाने. प्रत्येक टोक टेकवताना ती श्वास धरायची आणि इकडे मीही. संध्याकाळच्या एसटीने ती मुंबईला गेली.

सोमवारी मधल्या सुट्टीत शिक्षकखोलीत मी फोन डब्याला टेकवून बसले. व्हिडिओवर तिच्या संगणकाचा पडदा दिसत होता आणि मागे सरांच्या चपलांचा आवाज. पडद्यावर एक आडवी रेघ. लेसर चालू झाला आणि रेघेवर गवत उगवावं तशी खुरटी टोकं आली. मग तीन उंच टोकं, एकाच अंतरावर. मला वाटलं, झालं काम.

"हे नाही," ती हळू म्हणाली. "तीनशे नऊ, तीनशे एकोणचाळीस, तीनशे एकोणसत्तर. ही वजनं हळदीची आहेत, आत्या. डबीत उडाली असणार."

"हळद कुठून आली?" सर मागून.

"घरून, सर."

मी फोनच्या चौकटीतून बाजूला सरकले.

"बरं, ती राहू दे. तुझं कुठे यायला हवं?" सरांनी विचारलं.

"तीनशे एकोणपन्नासला." तिने पडद्याचा तो तुकडा मोठा केला. माझ्या हळदीच्या दोन टोकांच्या मध्ये पहिल्या कोपऱ्यात काही नाही. दुसऱ्यात बारीकसं काही, आहे म्हटलं तर आहे. तिने लेसर तिसऱ्या कोपऱ्यावर नेला. आणि तिथे, मोकळ्या जागेत, एक टोक सरळ वर गेलं, हळदीच्याही वर. आजूबाजूला काही नाही. माझा घास हातातच राहिला.

सरांनी खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"परत मार," ते म्हणाले.

परत तेच. तिसऱ्यांदा तेच. चौथ्या कोपऱ्यात मधल्या उंचीचं.

"पूड घातली नाहीस ना नक्की?"

"नाही, सर. नुसती काडी टेकवली."

"मग ते पुडीचं राहू दे आता. आणखी चकत्या किती दिवसांत होतील?"

ती काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही, कारण मी तोपर्यंत शिक्षकखोलीत सगळ्यांना तीनशे एकोणपन्नास समजावून सांगायला लागले होते. पीटीचे सर म्हणाले, "बाई, आधी जेवा."

संध्याकाळी तिचा निरोप आला, दादांना कळव. मी फोन लावला आणि तीन नंबरचं झाड सगळ्यांत भारी निघालं म्हणून सांगितलं.

"तीन नंबर म्हंजे गोठ्यामागचं?" दादा म्हणाले. "त्याचा वास लय मारतो. दिवाळीआधी तोडायचं ठरलं हाय घरात."

"नका तोडू हो दादा."

"नाय तोडत. पन हिला तुम्हीच सांगा, ती ऐकायची नाय माझं," असं म्हणत त्यांनी फोन बायकोकडे दिला, आणि मी पुन्हा सुयांपासून सुरुवात केली.