उजव्या नाकपुडीतली नथ

रागिणीला बदल्यांचा राग नव्हता, राग होता तो अर्धवट सुटलेल्या कामांचा. नवरा जयंत हवाई दलात विंग कमांडर. बिदरला शाळा सोडली, तांबरमला संग्रहालय सोडलं, आणि दर वेळी तिचं काम मागून आलेल्या कुणीतरी उरकून टाकलं. आता चंडीगडहून जोरहाटला बदलीचा हुकूम आला होता. ह्या खेपेला मात्र तिनं मनाशी पक्कं केलं होतं, की त्या बाईला तिचं नाव मिळवून दिल्याशिवाय सामान बांधायचं नाही.

ही बाई होती तीनशे वर्षांपूर्वीच्या एका डच छापचित्रात. चित्र गिलसाहेबांचं. चंडीगडजवळ डेराबस्सीला त्यांचा औषधांचा कारखाना, आणि जुनी चित्रं जमवायची भारी हौस. घराच्या तळमजल्यावर त्यांनी दालन थाटलं होतं, आणि चित्रांतली माणसं ओळखायचं काम इतिहासात एम. ए. केलेल्या रागिणीकडे होतं. चित्राखाली राजाचं नाव होतं, हैबतराव, दख्खनच्या एका छोट्या गादीचा. त्याच्या उजव्या हाताला बसलेल्या बाईबद्दल अवाक्षर नाही. तिच्या उजव्या नाकपुडीत नथ, दक्षिणेकडच्या रीतीची, म्हणून चित्र विकणाऱ्या लिलाववाल्यांनी ठोकून दिलं होतं, 'दाक्षिणात्य दासी'. मराठी बायका नथ डावीकडे घालतात हे रागिणीला कुणी शिकवायला नको होतं, त्यामुळे तिनंही मान डोलावली होती. राजाची तलवारसुद्धा उजव्या कमरेला होती. "डावखुरा असेल गं बिचारा," जयंत म्हणायचा, आणि विषय तिथंच मिटायचा.

निरोपाच्या जेवणासाठी रागिणी नऊवारी नेसली, नथ घातली आणि सेल्फी काढून साताऱ्याला आईकडे पाठवला. लगेच आईचा फोन.

"अगं, नथ उजवीकडे का घातलीस? तिकडं राहून रीत विसरलीस की काय?"

"नाही गं आई, हा फोन उलटं दाखवतो," असं म्हणता म्हणता रागिणी थबकली.

जेवण राहिलं बाजूला. तिनं छापचित्राचा फोटो आरशासमोर धरला. तलवार डाव्या कमरेला गेली, नथ डाव्या नाकपुडीत. आणि ती बाई राजाच्या डाव्या हाताला, त्याच्याच गादीवर, बायकोच्या जागी येऊन बसली. तांब्याच्या पत्र्यावर सरळ कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, एवढी साधी गोष्ट. रागिणीला स्वतःचाच संताप आला. इतके महिने तीसुद्धा राणीला दासी म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी गिलसाहेबांनी शंका काढलीच. "लेकिन मॅडमजी, नीचे के अक्षर तो सीधे हैं."

अक्षरं कोरणारा कारागीर वेगळा असतो आणि तो ती मुद्दाम उलटी कोरतो, हे तिनं समजावल्यावर त्यांना पटलं. "तो फिर रानी का नाम लिख दो," ते म्हणाले.

तिथंच तर घोडं अडलं होतं. हैबतरावांच्या दोन राण्या, आणि जुन्या कागदांत दोघी नुसत्या थोरल्या बाईसाहेब आणि धाकट्या बाईसाहेब. उरलेले दिवस रागिणीनं पुण्यापासून तंजावरपर्यंत ओळखीच्या अभ्यासकांना फोन करण्यात घालवले. कुणालाच ठाऊक नव्हतं. एखादं शोभेसं नाव लिहून टाका, कोण विचारतंय, असं गिलसाहेबांनी सुचवलं. घटकाभर तिलाही मोह पडला. एक नाव लिहिलं की काम पुरं. पण मग त्या लिलाववाल्यांत आणि तिच्यात फरक तो काय राहिला?

जायच्या आदल्या दिवशी पाटी बसली. 'राजा हैबतराव आणि त्यांची राणी. राणीचे नाव अजून मिळालेले नाही.' रागिणी दालनाची किल्ली परत करून बाहेर आली. जयंत गाडीत बसला होता.

"झालं का गं काम?"

"नाही झालं," ती म्हणाली. "नाव नाही देता आलं तिला. जागा तेवढी दिली, तिची तिला परत."