रविवारची भूक

श्रीधर गोवंडे तसा खाण्याचा शौकीन नव्हता. पानात पडेल ते मुकाट्याने जेवायचा आणि कर्वेनगरातल्या कॉलेजच्या ऑफिसात कामाला निघून जायचा. रविवारी मात्र त्याची भूक आवरायची नाही.

रविवारी सकाळी धाकट्या भावाचा, केदारचा, कॅनडाहून व्हिडिओ कॉल यायचा. वडील, म्हणजे अण्णा, अर्धांगाच्या झटक्यानंतर श्रीधरकडेच होते. त्यांची अंघोळ, दाढी, औषधं सगळं श्रीधर करायचा. त्याबद्दल अण्णा चकार शब्द काढत नसत. काढलाच तर पाणी गार आहे, एवढाच. केदारचा चेहरा फोनवर दिसला की मात्र त्यांचे डोळे लकाकायचे. त्यानं दारातला बर्फ उपसला, याचंसुद्धा केवढं कौतुक! अण्णांचा हात थरथरायचा, म्हणून फोन धरून श्रीधर शेजारी उभा असायचा आणि ते सगळं ऐकायचा.

कॉल संपला की तो थेट स्वयंपाकघरात. बाकरवडी, शेव, उरलेली जिलबी, असेल ते उभ्या उभ्या तोंडात कोंबायचा. चव लागायचीच नाही. डबा रिकामा झाला की स्वतःची लाज वाटायची, आणि त्या लाजेपायी पुन्हा काहीतरी गोड शोधायचा.

व्हायचं तेच झालं, साखर वाढली. भूक नेमकी कधी लागते, असं डॉक्टरांनी विचारलं, तर श्रीधर म्हणाला, तसं काही नाही, हल्ली लागतेच. शेजारी बसलेली त्याची बायको पूर्णिमा शांतपणे म्हणाली, "यांना केदारभावजी खुपतात. शेव निमित्ताला."

डॉक्टर हसले नाहीत. डबा उघडण्याआधी जरा थांबा आणि आत काय होतंय ते बघा, एवढंच त्यांनी सांगितलं. श्रीधर घरी येईपर्यंत पूर्णिमाशी बोलला नाही.

पुढच्या रविवारी केदारनं अण्णांना आपलं नवं घर फिरवून दाखवलं. अण्णा म्हणाले, "माझा केदार लाखात एक." फोन ठेवून श्रीधर आत गेला. डब्याच्या झाकणावर हात ठेवून थांबला. पोट पोह्यांनी भरलेलं होतं. जळत होतं ते छातीत. पन्नाशी उलटलेल्या माणसाला धाकट्या भावाचा असा हेवा वाटावा, हे स्वतःशी कबूल करतानाही त्याचे कान तापले.

तो तसाच बाहेर आला आणि अण्णांच्या खाटेशी बसला.

"अण्णा, केदारचं कौतुक ऐकलं की मला त्रास होतो. माझं तुम्ही कधीच करत नाही."

अण्णा म्हणाले, "तू समोरच असतोस. तुझं कौतुक सांगू कोणाला?"

"मला सांगा."

आपल्या गालावरून हात फिरवत अण्णा म्हणाले, "दाढी बरी करतोस."

श्रीधरला हसू आलं, आणि डोळ्यांत पाणीही. त्या दिवशी डबा उघडावासा वाटला नाही.

हेवा काही गेला नाही. पण आता फोननंतर तो पूर्णिमाजवळ जाऊन बसतो आणि आज मनाला काय लागलं ते सांगतो. खावंसं वाटलंच तर दोन बाकरवड्या बशीत घेऊन, बसून खातो. साखरही थोडी उतरली आहे.

डिसेंबरात केदार महिनाभर राहायला येणार, हे कळलं त्या दिवशी मात्र त्यानं लाडवांचा डबा संपवला.