मागच्या दाराने

लग्नानंतर मिरजेहून मद्रासला आले, पण ट्रंक काही मी रिकामी केली नव्हती. नवऱ्याची रेल्वेतली नोकरी, नुंगंबाक्कममध्ये भाड्याच्या दोन खोल्या आणि दिवसभर कानावर न कळणारी भाषा. संक्रांतीपर्यंत बघायचं, नाहीतर सरळ माहेर गाठायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

शेजारीच राहणाऱ्या घरमालकीण मामी तेवढ्या माझ्याशी बोलत. लढाईपूर्वी त्या रंगूनला होत्या. तिथे शिकलेलं त्यांचं मोडकं हिंदी आणि माझं त्याहून मोडकं, यावर आमचं भागायचं. रोज पहाटे त्या दारात तांदळाच्या पिठाचं कोलम घालत. एका सकाळी मात्र दार कोरं दिसलं. मामी आजारी असणार, हे मी परस्पर ठरवून टाकलं. शेजारीण पडून असली की तिचं अंगण न विचारता सारवायचं, ही आमच्याकडची शिकवण. मी रांगोळीचा डबा काढला आणि त्यांच्या दारात गुलाबी, हिरवे रंग भरून चांगली ऐसपैस रांगोळी काढली. स्वतःवरच खूश होते मी.

तेवढ्यात मामींचे यजमान ओलेत्याने बाहेर आले, रांगोळी पाहून थबकले आणि पाण्याची बादली घेऊन आले. मागून मामी आल्या. माझे रंगाने माखलेले हात त्यांनी पाहिले, यजमानांच्या हातातली बादली काढून घेतली आणि हलक्या आवाजात त्यांना काहीतरी सांगितलं. मग भटजी आले, त्यांना घराला वळसा घालून मागच्या दाराने नेलं. मी आपली कौतुकाची वाट पाहत उभी.

दुपारी कळलं. मामींच्या सासूबाईंचं श्राद्ध होतं. रंगूनहून परतताना त्या वाटेतच गेल्या होत्या. श्राद्धाला दारात रांगोळी नसते, हे आमच्याकडेही तसंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. रडतच पुसायला निघाले, तर मामींनी हात धरून बसवलं.

"रंगूनला मीही नवीच होते," त्या म्हणाल्या. "आपल्या घरी घालतात तसं सोवळ्याचं लुगडं फाटकापाशी उंच दोरीवर वाळत घालायची. तिथले पुरुष बायकांच्या लुगड्याखालून जात नाहीत. घरमालकाची माणसं कितीतरी दिवस मागच्या गल्लीने ये-जा करत होती. त्याची आई मला रोज हसून हाक मारायची, पण याबद्दल अवाक्षर नाही."

"का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर मी मिळेल त्या बोटीने परत आले असते. सकाळी यजमानांना एवढंच म्हटलं, रंगून आठवा."

मामींवर माझा जीव जडला तो त्या दुपारी. संध्याकाळी मी ट्रंक रिकामी केली.

पुढच्या वर्षीची तिथी मी आधीच विचारून ठेवली होती. त्या सकाळी माझंही दार कोरं ठेवलं. मामींचे यजमान बाहेर आले, माझ्या दाराकडे त्यांनी जरा वेळ पाहिलं आणि भटजींना घेऊन पुढच्या दाराने आत गेले.