पंखावरचा बर्फ आणि कमलमावशींचा जोड

आमच्या शेडमध्ये विमानात बसलेला एकही माणूस नाही, आणि दिवसभर गप्पा मात्र विमानांच्याच! मग किस्से साचणारच.

नगरच्या एमआयडीसीत आम्ही हीटरची पॅड बनवतो. रबराच्या दोन पट्ट्या, मध्ये बारीक तार. पॅड पंखाच्या पुढच्या कडेला चिकटवतात. करंट दिला की कड तापते आणि ढगातून जाताना बर्फ धरत नाही. आमचा माल छोट्या मालवाहू विमानांना जातो, प्रवाशांच्या नाही.

*

राहात्याच्या मामांना हे पटेना. "हितं उन्हानं जीव चाललाय, आन तू बर्फाच्या गोष्टी सांगतो."

मी म्हटलं, वर थंडी असते. ढगातलं पाणी पंखावर गोठतं, पंखाचा आकार बिघडतो, मग विमान तोल धरत नाही.

मामांनी वर आभाळाकडे बघितलं. "मंजी जे उडवतंय, त्याच्यावरच साठतंय व्हय."

*

टेस्टिंगचा फ्रीझर साहेबांनी देवळालीच्या एका गारीगारवाल्याकडून जुना घेतला. पहिल्याच टेस्टला पॅडवरून बर्फ सुटला, तो केशरी! साहेबांनी आधी फ्रीझर धुवायला लावला, मग रिपोर्टावर सही केली.

*

साहेबांचा एक नियम आहे. ज्यानं तार जोडली त्यानं पट्टीच्या आतल्या बाजूला आपलं नाव लिहायचं. वर दुसरी पट्टी बसली की ते कायमचं झाकतं.

"दिसणारच नाही, तर लिहायचं कशाला?" मी एकदा विचारलं.

"लिहिणाऱ्याला माहीत असतं ना," साहेब म्हणाले.

*

केडगावच्या कमलमावशी आमच्यात सगळ्यात जुन्या. लेकीला बंगळूरला नोकरी लागली, विमानाचं तिकीट आलं, तेव्हा त्यांनी शेडभर पेढे वाटले. दोन दिवसांनी त्या साहेबांपुढे उभ्या राहिल्या.

"परवाचं माझं एक पॅड परत मागवा. जोड लावताना ध्यान पोरीत हुतं. कच्चा राहिला आसंल."

"टेस्टला पास झालंय, मावशी. कापलं की वाया जाणार. आणि गिऱ्हाईक बिथरलं तर ऑर्डर हातची जाईल."

"मला कामावरनं काढा. पन ते मागवा. ते इमान चालवणारंबी कुनाचं तरी लेकरू हाय."

खरं सांगतो, मला मावशींचा रागच आला होता. ऑर्डर गेली असती तर घरी आम्हीही बसलो असतो.

शेवटी साहेबांनी गिऱ्हाईकाला फोन केला आणि पॅड परत आलं. साहेबांनी ते स्वतः कापलं. आत मावशींचं नाव आणि शेजारी जोड. भिंगातून पाहिला, ओढून पाहिला. पक्का होता.

"बघा. चांगलं पॅड उगाच गेलं की नाही?"

मावशींनी पदरानं डोळे टिपले.

"जाऊ द्या साहेब. आता पोरीला इमानात बसवाया मी मोकळी."