निळी कडा कुणी काढली

"बाईंच्या घरी चपला शिवायचे. त्यामुळं हात बघा कसा साफ! डोकं मात्र आम्हाला लावावं लागतं."

भागीदार साहेब असं म्हणाले आणि मीटिंग हसली. समोर इस्पितळाचे डॉक्टर, बाजूला माझ्या टीममधल्या तीन पोरी. सगळ्यात मोठ्यानं हसलं कोण? मीच. पंचेचाळिशीची घोडी, फिदीफिदी. आज आजी झाले, पण तेव्हाची ती हसणारी बया आठवली की तिच्या टाळक्यात टपली हाणावीशी वाटते.

साहेब इनामदारांच्या घरचे. राजारामपुरीत एका खोलीत आम्ही दोघांनी वेबसाइटी बनवायचा धंदा काढला. तेव्हा मी त्यांची 'अक्का'. माझ्या डब्यातला झुणका बोटं चाटून खायचे. नियम मीच घातलेला: गिऱ्हाइकापुढं चूक वयानं मोठ्या माणसानं अंगावर घ्यायची. मोठी म्हणजे मी. साहेबांच्या चुकाही मीच घेत आले. याला मी नेतृत्व म्हणायची. शहाणी!

या वेळची चूक इस्पितळाच्या वेबसाइटवरच्या निळ्या कडेची. ज्यांचे हात थरथरतात त्यांना माऊस धरवत नाही. ते टॅबचं बटण दाबत पुढं सरकतात. ज्या चौकटीवर आलो तिच्याभोवती निळी कडा उमटते, पानावर आपण कुठं आहोत ते तिच्यावरून कळतं. साहेबांना ती घाण दिसायची. मी म्हटलं, ऱ्हाऊ दे, ती पायजेच. त्यांनी माझ्या माघारी, पोरींच्या देखत, स्वतः काढून टाकली.

डॉक्टरांनी विचारलं, "आमच्या म्हाताऱ्या पेशंटना नंबर लावता येईनासा झालाय. कडा कुणी काढली?"

साहेबांनी माझ्याकडं बोट केलं आणि वर ते चपलांचं बोलले. बाप चपला शिवायचा, हे त्यांना सांगितलंही मीच. डबा खाताना. विश्वासानं.

मी हसतच होते. तेवढ्यात सगळ्यात धाकटी, शिरोळची पोर उठली. "मॅडमनी न्हाई, सर. मी काढली. चुकलं माझं."

खोटं. मला वाचवायला. दुसऱ्याची चूक अंगावर घ्यायची माझीच सवय पोरीनं जशीच्या तशी उचललेली. माझं हसू तिथंच वाळलं. काय शिकवलं मी या पोरींना? पायाखाली जायला.

"बस खाली," मी तिला म्हटलं. "डॉक्टर, कडा ह्यांनी काढली. मी नको म्हटलं हुतं."

साहेब हळूच म्हणाले, "अक्का, घरातलं असं चारचौघांत?"

"कुठलं घर? आत्ता तर 'बाई' हुते की मी!"

भागीदारी मी मोडली. दोघी पोरी त्यांच्याकडंच राहिल्या. शिरोळची माझ्याबरोबर आली. आता आमचं ऑफिस कळंब्याला. नियम बदललाय. ज्यानं केलं त्याचंच नाव, गिऱ्हाइकापुढं, खणखणीत. मी चुकले तर माझंही. दुसऱ्याचं पाप कुणी पदरात घ्यायचं नाही. आणि मोठ्या माणसानं तर ते धाकट्याच्या पदरात टाकायचंच नाही.

बाप करकरणाऱ्या चपला करायचा. पायाखाली असूनही त्या गप्प बसायच्या नाहीत. मी त्याची लेक. मी तर आता पायाखालीसुद्धा जाणार नाही.