मागच्या दारातून हाक

बाळाचं नाव ठरवायला घेतलं, की नाव सोडून बाकी सगळं साठत जातं. मतं साठतात, रुसवे साठतात, आणि किस्से तर विचारूच नका. आमच्या मुलीच्या नावाचे इतके झालेत, की फोनवर कुणी सहज "मग, नाव काय ठेवलं?" विचारलं तरी निखिल, म्हणजे माझा नवरा, हळूच उठून चहा टाकायला जातो. त्याला कळतं, आता ही पहिल्यापासून सांगणार.

तर पहिल्यापासून.

*

२०२०चा डिसेंबर. आम्ही डब्लिनच्या पश्चिम टोकाला, ओंगारला राहतो. स्कॅनचा दिवस होता. कोविडमुळे नवऱ्यांना आत घेत नव्हते, त्यामुळे निखिल कार पार्कमध्ये आणि मी आत एकटी. सोनोग्राफर बाईंनी प्रोब फिरवता फिरवता सहज विचारलं, "मुलगा की मुलगी, सांगू का?"

मला घामच फुटला. सोनोग्राफी सेंटरच्या भिंतीवरची ती कायद्याची पाटी वाचत महाराष्ट्रात मोठी झालेली मी! मला वाटलं, परीक्षा बघतायत.

"नाही नाही, आम्ही असलं काही करत नाही," मी घाईघाईने म्हणाले.

"असलं म्हणजे?"

"गुन्हा."

बाईंनी एकदा माझ्याकडे, एकदा स्क्रीनकडे बघितलं. "मला तर मुलगी दिसतेय," त्या म्हणाल्या.

गाडीत बसल्या बसल्या मेधाताईंना फोन लावला. मेधाताई म्हणजे निखिलची मोठी बहीण. मूळच्या नागपूरच्या, आता डब्लिनपासून तासाभरावर, मलिंगारला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर.

"मेधाताई, मुलगी आहे!"

"फोनवर बोलू नको!" त्या दबक्या आवाजात ओरडल्या. मग एकदम, "थांब. आपण आयर्लंडमध्ये आहोत ना?"

"हो."

"मग इतकी हळू काहून बोलून राहिली?"

*

फ्रेंच नाव ही माझी आयडिया. का, असं कुणी विचारलं की मी सांगायचे, "कुठेही चालतं." माझं नाव प्राजक्ता. इथे कॉफीच्या कपावर ते आजवर एकदाही पूर्ण लिहिलं गेलेलं नाही, त्यामुळे लोकांना पटायचं. खरं कारण वेगळं होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

मनात नाव एकच होतं. ते एकदम काढायचा धीर होईना, म्हणून आधी दुसरी दोन पुढे केली. ऐकायला ब्रेडा होती. ब्रेडा आमची कुंपणापलीकडची शेजारीण, सत्तरीची. लॉकडाऊनमध्ये आम्हाला दिसणारा एकमेव जिवंत माणूस.

"बर्नादेत कसं वाटतं?" मी विचारलं.

"बर्नी! माझी बहीण बर्नी. पोस्टातली बर्नी. चर्चमध्ये फुलं लावते ती बर्नी, आणि तिच्याशी जी बोलत नाही तीही बर्नी."

"बरं. कोलेत?"

"कुठली?" ब्रेडा म्हणाली.

मी ज्या नावांना पॅरिसची हवा लागलीय असं समजत होते, ती इथे कधीच रिटायर होऊन पेन्शन घेत होती! शेवटी भीत भीत खरं नाव काढलं. "ओदेत."

ब्रेडाने बराच विचार केला. "ओदेत मला एकही माहीत नाही," ती म्हणाली. मग माझं तोंड बघून, "ग्रँड नाव आहे, लव्ह. पण हाक मारून बघितलीस का?"

*

ब्रेडाचा नियम असा. मागच्या दारात उभं राहायचं आणि पोरीला जेवायला बोलवायचं. ज्या नावाने हाक मारता येत नाही, ते ठेवायचं नाही. तिने पाच मुलं अशीच वाढवली.

मी मागच्या दारात उभी राहिले. "ओदेत," म्हणाले.

"ही हाक नाही," ब्रेडा म्हणाली. "हे पाद्र्याच्या कानात सांगायचं कन्फेशन झालं."

परत म्हणाले. ब्रेडाने कानामागे हात धरला. तिसऱ्यांदा माझा आवाजच फुटेना. मग मी निखिलला बोलावलं. तो वरच्या खोलीतून काम करत होता, कानावर हेडसेट तसाच. त्याने दारात उभं राहून "ओदेऽऽत!" अशी काही आरोळी ठोकली, की ब्रेडाच्या बर्ड फीडरवरचे पक्षी उडाले.

हेडसेट म्यूट नव्हता. मीटिंगच्या शेवटी मॅनेजरने विचारलं, "ओदेत जॉइन होतेय का?"

"एप्रिलमध्ये," निखिल म्हणाला.

*

पुण्याहून आईचा फोन.

"ठेवा बाई काय ठेवायचं ते. पण लाडाने काय म्हणायचं? ओदू? शी! ऐकवतं तरी का?"

दुसऱ्या दिवशी परत फोन. "ओदू लाथा मारते का गं?"

*

खरी अडचण मेधाताईंची होती. व्हिडिओ कॉलवर त्यांनी भावाला बजावलं, "निखिल्या, तुझ्या बायकोला सांग, नाव आत्या ठेवते."

"मेधाताई, मी इथेच आहे," मी निखिलच्या शेजारून म्हणाले.

"मग ऐकलंस ना? सर्टिफिकेटवर तुम्ही काय हवं ते लिहा. बाळाच्या कानात मी जे सांगेन ते नाव. आणि माझं ठरलंय. गार्गी."

मी म्हणाले, गार्गी छानच आहे, पण आम्ही ओदेत...

"ओदेत कोण? आपल्यात कुणाची कोण?" आणि मग एकदम आवाज खाली आणून म्हणाल्या, "वर्षभर मास्कमधून लोकांना त्यांची नावं विचारून राहिले मी. कितीतरी वेळा उत्तर आलं नाही. एक नाव तरी मला ठेवू दे गं."

निखिल म्हणाला, "दोघींचंही बरोबर आहे," आणि चहा टाकायला गेला.

*

एप्रिलच्या शेवटी मुलगी झाली. बारसं दोन दिवसांवर आलं आणि मला झोप येईना. येत तशीही नव्हती. शेवटी बाळाला मांडीवर घेऊन मी मेधाताईंना फोन केला आणि कधीच कुणाला न सांगितलेलं सांगून टाकलं.

कॉलेजात मला हजेरीची भीती वाटायची. नाव पुकारलं की आवाज बाहेर पडायचा नाही. वर्गात समोर बसून माझी गैरहजेरी लागायची! फ्रेंचच्या वर्गात मात्र मॅडमनी प्रत्येकाला तासापुरतं एक फ्रेंच नाव दिलं होतं. माझं होतं ओदेत. मॅडम "ओदेत!" म्हणाल्या की मी ताडकन उभी राहायचे आणि "प्रेझाँत!" म्हणून ओरडायचे. म्हणजे "हजर". शेजारच्या वर्गात ऐकू जायचं. प्राजक्ताला सगळ्याचीच भीती वाटायची. ओदेतला का कोण जाणे, कशाचीच वाटायची नाही. मग कोर्स संपला आणि ती गेली.



"पोरगी तुझ्यासारखी भित्री होऊ नये, म्हणून?" मेधाताईंनी विचारलं.

"हो."

"पेशंट आलाय," त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला.

"काय म्हणाली ताई?" निखिलने विचारलं.

"पेशंट आलाय म्हणाल्या."

"तिची आज सुट्टी आहे," निखिल म्हणाला.

*

बारसं. एका काउंटीतून, म्हणजे जिल्ह्यातून, दुसरीत जायची बंदी त्याच आठवड्यात उठली होती, पण पाहुणे फक्त बागेत. मेधाताई मलिंगारहून गाडी चालवत आल्या आणि थेट मागच्या बागेत गेल्या. पैठणी, त्यावर रेनकोट, तोंडावर मास्क.

"ताई, आत या ना. तुम्हाला लस झालीय की."

"मला झालीय. तिला नाही."

त्या लॉनवरून हलेनात. आम्ही पाळणा किचनच्या काचेच्या दारापाशी आणून ठेवला. पुण्याहून आई लॅपटॉपमधून पाळणा म्हणत होती, अडकत अडकत. ब्रेडा स्कोन्स घेऊन कुंपणापाशी उभी.

"पण कानात कसं सांगणार?" निखिल म्हणाला.

मेधाताईंनी मास्क काढून पर्समध्ये टाकला. "दार लाव," मला म्हणाल्या.

मी दार लावलं आणि पाळण्याशेजारी खाली बसले. इथल्या काचा डबल असतात, बाहेरचा पाऊससुद्धा आत ऐकू येत नाही. कुठलं नाव येणार ते कुणालाच माहीत नव्हतं. मेधाताईंनी पैठणीचा पदर खोचला. कमरेवर हात ठेवले. श्वास घेतला.

"ओदेऽऽऽऽत!"

समोरच्या घराच्या खिडक्या उघडल्या. कुठेतरी एक कुत्रा भुंकायला लागला. आई पाळणा म्हणायची थांबली. ब्रेडाने कुंपणावरून दोन्ही अंगठे वर केले.

बाळ गाढ झोपलेलं होतं.

मी मात्र ताडकन उभी राहिले आणि खच्चून ओरडले, "प्रेझाँत!"